दिवाळीनंतर पाच दिवस: कोयनेचं बॅकवॉटर की दाभोळची खाडी?

वरणफळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. लाभपंचमीला सकाळी पुण्यातून निघायचं आणि पाचव्या दिवशी रात्री घरी, एवढं ठरलंय. बाकी सगळं अधांतरी आहे. गाडीत आम्ही दोघं, आई (वय ६९, गुडघे बेताचे), मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ. मुलाला बोट पाहिजे. बायकोला मोबाइलची रेंज नसलेली जागा पाहिजे. आईला विचारलं तर म्हणाली, "मला कुठंतरी बसून पाणी बघायचंय, बास."

गर्दीचे किनारे, जेट स्की, केळ्याच्या आकाराची ती फुगवलेली बोट, यातलं काहीही नको. दोन जागा डोक्यात आहेत. एक, बामणोली-तापोळ्याकडचं कोयनेचं बॅकवॉटर. दुसरी, चिपळूण-गुहागरकडची वाशिष्ठीची खाडी. यातलं एकच धरून निवांत राहावं की दोन्ही करावं? बोटी कितपत भरवशाच्या असतात? आमच्यापैकी पोहता फक्त मला येतं, तेही क्लबच्या टाकीत. आणखी एक. आमच्या मेहुण्यांचं म्हणणं, त्रिपुरी पौर्णिमा धरूनच जा, खाडीवर चांदणं बघण्यासारखं असतं. त्यासाठी सुट्टी पुढे ढकलण्यात अर्थ आहे का?

सातारी कंदील

बामणोलीला येताय आणि वासोटा करणार नाही? मुलगा तेरा वर्षांचा आहे म्हणता, त्याला घेऊन तुम्ही जा. बाकीचे मुक्कामाला थांबतील. परवाना बामणोलीतच वनखात्याकडे मिळतो. बोटीनं तास-दीड तासात मेट इंदवलीच्या पायथ्याला उतरायचं आणि तिथून दोन-अडीच तास चढ. जवळजवळ सगळी वाट झाडीतून आहे, ऊन लागत नाही. बरोबर नेलेलं प्लास्टिक पायथ्याला मोजून घेतात आणि उतरल्यावर पुन्हा मोजतात, त्यामुळे वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. गडावर मुक्कामाला बंदी आहे, हा सगळा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सकाळची पहिली बोट मिळाली तर दिवस मावळायच्या आत परत येता.

वर गेल्यावर बाबुकडा बघायला विसरू नका. त्या कड्यावरून खाली बघितलं की एकदम कोकण दिसतं. पाठीमागे वळलात तर शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय. उगाच आवाज देऊन प्रतिध्वनी ऐकत बसू नका मात्र, मधमाश्यांची पोळी असतात.

अवजल

दोन्ही करा. आधी बॅकवॉटर, मग खाडी, याच क्रमानं. कारण ही दोन वेगळी पाणी नाहीतच.

बामणोलीला ज्या पाण्यावर तुमची बोट चालणार, तेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज तयार करतं, कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथं पुन्हा वीज तयार करतं आणि मग कालव्यानं वाशिष्ठीला मिळतं. त्यालाच इकडे अवजल म्हणतात. वाशिष्ठी पुढे चिपळूणवरून वळणं घेत दाभोळला समुद्राला मिळते. कोयनेला कुणी अडवलं नसतं तर ती कराडला कृष्णेत जाऊन थेट बंगालच्या उपसागराला गेली असती. धरण १०५ टीएमसीचं आहे, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा पाणीतंट्याच्या लवादानं दिलेली आहे. म्हणून चैत्र-वैशाखात कोकणातल्या बाकीच्या नद्यांत नुसते धोंडे दिसतात तेव्हाही आमची वाशिष्ठी वाहती असते.

मला हे पाठ आहे, कारण माझं माहेर बामणोलीच्या समोरच्या काठावर आहे आणि सासर खाडीच्या. लग्न ठरलं तेव्हा वडील पाहुण्यांना सांगत होते, पोरगी पाण्याच्या वाटेनंच खाली चाललीय, चुकायची नाही.

तर तुमचं वेळापत्रक. पंचमीला दुपारपर्यंत साताऱ्यावरून कास करत बामणोली. कासची फुलं तोवर संपलेली असतात, त्यामुळे पठारावर गाड्यांची रांगही नसते. बरंच आहे. तलावापाशी दहा मिनिटं थांबा आणि पुढे उतरा. मुक्काम बामणोलीत किंवा अलीकडच्या वाडीत घरगुती ठिकाणी करा. काचेच्या खिडक्यांच्या रिसॉर्टात राहिलात तर आईंना पाणी चित्रातल्यासारखं दिसेल. अंगणात बसलं की त्या पाण्याचा वारा लागतो, आणि कार्तिकात तो चांगलाच गार असतो. शाल-स्वेटर वरच्या पिशवीत ठेवा.

कार्तिक यासाठी उत्तम की धरण भरलेलं असतं. पाणी थेट झाडीला टेकलेलं दिसतं. हेच मे महिन्यात आलात तर मधे लाल-तपकिरी मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, बोट लांब चिखलात उभी असते, आणि वयस्कर माणसाला तिथवर नेणं म्हणजे शिक्षा आहे. आम्ही मात्र मेमध्येच जातो. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा आमची काही घरं दूर पुनर्वसनात गेली आणि काही तशीच डोंगरानं वर सरकली. आमचं वर सरकलेल्यांतलं. ज्या वर्षी पाणी फार खाली जातं त्या वर्षी देवळाचा चौथरा उघडा पडतो, मग सगळी भावकी तिथं नारळ फोडायला उतरते. चौथऱ्याच्या दगडांवर वाळलेला गाळ असतो, बोटानं दाबला की त्याचे पापडासारखे तुकडे निघतात. तो झाडायचं काम आम्हा माहेरवाशिणींचं.

आता वासोट्याबद्दल. सातारी कंदील म्हणतात ते सगळं खरं आहे, पण त्याला अख्खा दिवस जातो आणि तुम्ही दोघं गेलात तर नऊ वर्षांची मुलगी दिवसभर आजीचं डोकं खाणार. पाच दिवसांत दोन ठिकाणं करायची असतील तर या खेपेला वासोटा सोडा. त्याऐवजी षष्ठीला सकाळी लवकर बोट घ्या आणि कोयना, सोळशी, कांदाटी यांच्या संगमापर्यंत जाऊन या. भाडं बोटीमागे असतं, माणशी नसतं, दराचा फलक काठावर लावलेला असतो. दहाच्या आत निघा. दुपारनंतर वारा सुटला की बोट आपटायला लागते, आईंची कंबर धरेल.

लाइफ जॅकेटबद्दल जरा सविस्तर सांगते. जॅकेट सगळे देतात. पण हातात आल्यावर बक्कल लावून बघा. एकदा आमच्या पाहुण्यांना जे दिलं त्याची दोन बक्कलं तुटलेली होती आणि त्याजागी खताच्या गोणीची सुतळी बांधलेली. नाडी घट्ट ओढायची, मग दोन्ही खांदे धरून जॅकेट वर उचलून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर ते मापाचं नाही. लहान मुलीला मोठ्या माणसाचं जॅकेट चालत नाही, ती त्यातून खाली घसरते. लहान मापाचं मागा, नसेल तर दुसरी बोट घ्या. लाज वाटून घेऊ नका. आणि तुम्हाला टाकीत पोहता येतं ते टाकीतच राहू द्या. हे धरण म्हणजे बुडालेली दरी आहे. काठापासून चार पावलांवर खोल असतं, खाली जुनी खोडं आणि गाळ आहे, आणि पाणी वरून कोमट, पोटात थंडगार.

वरणफळ

अवजलताई, हे वाचून बायकोनं बामणोलीची खोली आत्ताच सांगून टाकली. वासोटा मुलाच्या दहावीनंतर. खाडीचंही असंच सांगा ना. आणि पौर्णिमेचं काय?

पाणघोडा

मधेच विचारतो, चिपळूणच्या खाडीत मगरी आहेत ना? लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन होडीतून तिथं कशाला जायचं? आणि खाऱ्या पाण्यातली मगर म्हणजे ती ऑस्ट्रेलियातली माणसं खाणारी जात की काय?

अवजल

@पाणघोडा, ती जात वेगळी, ती आपल्या किनाऱ्यावर नाही. इथली आपली नेहमीची गोड्या पाण्यातली मगर, मचूळ पाणी तिला चालतं. होडीत बसलेल्या माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. तुम्ही मात्र तिच्या वाटेला जायचं नाही. पाण्यात हात-पाय घालायचे नाहीत, चिखलात उतरायचं नाही, बिस्किटं फेकायची नाहीत. नावाडी रोज त्या पाण्यात असतात, ते अंतर राखून इंजिन बंद करतात.

@वरणफळ, आता खाडी. आधी पौर्णिमेचा निकाल लावू. चांदण्यासाठी जाणार असाल तर जा, पण मग मगरी विसरा. पौर्णिमा-अमावास्येला आमच्याकडे भर दुपारी बाराच्या सुमारास पाणी काठोकाठ असतं. मगर उन्हाला येते ती ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर. चिखलच पाण्याखाली असेल तर ती कुठं पडणार?

जुनी माणसं भरती काढतात ती पाऊणकीनं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती भरते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचं. घड्याळाच्या काट्यावर नाही, पण काम भागतं. खाडीच्या मुखापेक्षा आत पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं, तो फरक नावाड्याला विचारा.

आता तुमच्या तारखा बघा. तुम्ही खाडीत येणार अष्टमीला. सहाला भरती, म्हणजे उन्हं तापतात त्या वेळी पाणी उतरत असतं. अकराच्या सुमारास होडी काढली की चिखल उघडा आणि वर कोवळं ऊन नाही पण सोसणारं ऊन. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. उधाणासारखी ओढ नसते, होडी डुलत नाही. सुट्टी अजिबात पुढे ढकलू नका, मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा.

होडी मालदोलीहून घ्या, चिपळूणपासून गाडीनं पाऊण-एक तास. मगर दिसेल याची हमी कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. पण कार्तिक ते माघ हा त्यांचा उन्हं खायचा मोसम आहे. पहिल्यांदा दिसेल ती तोंड वासून पडलेली. मुलं म्हणतील, खायला टपलीय. तसं नाही, अंग फार तापलं की ती जबडा उघडा ठेवते. पाठीवरचा चिखल वाळून पांढुरका झालेला असतो आणि पोटाकडचा अजून काळा, ओला. होडी थोडी जास्त जवळ गेली की आधी जबडा मिटतो, मग चारही पाय न उचलता ती नुसती घसरते आणि पाण्यात जाते. एवढं मोठं जनावर, आणि आवाज एखादा नारळ पाण्यात पडल्यासारखासुद्धा येत नाही.

मगरींचं कौतुक करून झालं की दोन्ही काठांकडे बघा, कारण बहुतेक लोक ते बघतच नाहीत. चिपी, तिवर, कांदळ ही झाडं मुलांना ओळखायला लावा. कांदळाच्या मुळांच्या कमानी असतात, तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीएवढी वर आलेली असतात. मुखाकडे गेलात तर थंडीला आलेले कुरव दिसतील. खंड्या तर पावलोपावली.

सप्तमीचं राहिलंच. बामणोलीहून उलटं साताऱ्याला, मग उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. दिवस गाडीतच जातो, पण कोयनानगरला थांबा आणि नेहरू उद्यानातून धरण बघा. मुलाला सांगा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं भूकंप झाला होता. आमच्या बाजूला जुनी माणसं अजूनही वय सांगताना भूकंपाच्या आधीचा की नंतरचा असं सांगतात. हेही सांगा की १९९९ ला आणि पुन्हा २०१२ ला, सरोवर रिकामं न करता त्याच्या तळालगतचा खडक सुरुंगानं फोडून पाणी बोगद्यात घेतलं होतं. तेरा वर्षांच्या मुलाला याच्यापुढे वासोटा फिका वाटेल. (कंदीलभाऊ, रागावू नका.)

घाट उतरलात की पोफळी, अलोरे या भागात नदी-कालव्याचं पाणी फार गोड दिसतं आणि उतरून पाय बुडवावेसे वाटतात. तेवढं करू नका. वीजनिर्मिती सुरू झाली की अवजल सोडतात, आणि मघाशी घोट्याएवढं असलेलं पाणी चढतं.

सातारी कंदील

रागावलो नाही, पण नोंद करून ठेवली आहे. सप्तमीसाठी एक भर घालतो. चिपळूणला लवकर पोहोचलात तर गोवळकोट करा. लहानसा गड, खाडीच्या अगदी कडेला, मुलं पळत वर जातात. आईंना पायथ्याशी करंजेश्वरीच्या देवळात बसता येईल. आणि परशुरामच्या बाजूनं खाली वळणं घेत गेलेली वाशिष्ठी दिसते, ती संध्याकाळच्या उजेडात बघा.

पाणघोडा

मगरींबद्दल समाधान झालं, आभार. पण चिपळूणला पूर येतो त्याचं काय? २०२१ च्या बातम्या डोळ्यासमोरून जात नाहीत.

अवजल

२२ जुलै २०२१. आमच्याकडे माळ्यावर बसून रात्र काढली. त्या आधी २००५ चा. हे आषाढ-श्रावणातलं दुखणं आहे, कार्तिकात त्याची काळजी नको. पावसाळ्यात खाडीत होडीनं फिरायला कुणी बोलावलं तर मात्र जाऊ नका, तेव्हा पाण्याबरोबर आख्खी झाडं वाहत येतात.

वरणफळ

आईला तिथीचं वाचून दाखवलं. ती लगेच पाऊणकी म्हणायला लागली, एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड. सात पाऊण सव्वापाच इथपर्यंत एका दमात. मुलगा तोंड उघडं ठेवून बघत होता, मगरीसारखंच. आता शेवटचे दोन प्रश्न. नवमीला परत येताना फेरीबोटीवर गाडी चढवायची आहे (ही मुलीची मागणी), तर पुण्याला उशीर होईल का? आणि आईला होडीत चढवायचं कसं?

अवजल

अष्टमीला होडी झाली की गुहागरला मुक्काम करा. नवमीला सकाळी लवकर धोपाव्याच्या जेट्टीवर या. धोपावे ते दाभोळ फेरीबोट २००३ पासून आहे. त्याआधी समोर दिसणाऱ्या गावाला जायला चिपळूणचा वळसा होता. पाणी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. गाडी चढवताना ओहोटी असेल तर उताराचा खालचा भाग शेवाळानं निसरडा असतो, बाकीच्यांना आधी उतरवा आणि आईंचा हात कुणीतरी धरा. बोट मधोमध आली की डावीकडे खाडीचं मुख आणि अंजनवेलचा डोंगर. याच पाण्यावर बहमनी काळात मोठं बंदर होतं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथूनच गलबतात बसून परत निघाला, आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं. पलीकडे उतरल्यावर जुनी घुमटाची मशीद आहे, अर्धा तास द्या. गुहेतली चंडिकाही बघण्यासारखी, पण आत वाकून जावं लागतं आणि अंधार असतो, आईंचे गुडघे बघून ठरवा.

तिथून दापोली, मंडणगड, महाड, ताम्हिणी. रस्ता लांब आहे. दाभोळ अकराच्या आत सोडलंत तर रात्रीच्या जेवणाला घरी. दापोलीत खरेदीला उतरलात तर माझी जबाबदारी नाही.

होडीचं असं. ओहोटीला होडी पायऱ्यांच्या खाली राहते आणि उतरायच्या शेवटच्या पायरीवर चिखल असतो. फोन करताना नावाड्याला आधीच सांगून ठेवा की वयस्कर बाई आहेत, बसायला खुर्ची लागेल. प्लास्टिकची खुर्ची होडीच्या मधल्या भागात ठेवतात, टोकाला नाही. चपला हातात, एक माणूस खाली होडीत, एक वर पायरीवर, आणि आईंनी कुणाच्या गळ्यात न पडता दोघांचे दंड धरायचे. माझ्या सासूबाई अशाच चढतात आणि वर नावाड्यालाच सूचना देतात.

जेवण होडीवाल्याकडेच सांगा, आदल्या रात्री. खाडीची कोळंबी आणि चिंबोऱ्या मिळतील. आई अष्टमी धरत असतील तर तेही आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर ताटात आधी मासे येतात आणि मग घरात धावपळ होते.